पाऊस ओसरला, मग पूर आला: ऑगस्ट २०२४ आणि विश्वामित्री

३१ जुलै २०१९ या एका दिवसात बडोद्यात जवळजवळ २० इंच पाऊस कोसळला आणि विश्वामित्री काळाघोड्याच्या पुलापाशी ३४ फुटांच्या वर गेली. २६ ऑगस्ट २०२४ ला, ऐन गोकुळाष्टमीच्या सोमवारी, शहरात त्याच्या साधारण निम्माच पाऊस झाला. नदी मात्र ३७ फुटांवर पोचली. धोक्याची पातळी आहे २६ फूट.

निम्मा पाऊस आणि पाणी उलट जास्त. हे कोडं उलगडलं की बडोद्याचा पूर समजतो, आणि २०२४ मध्ये जगात इतरत्र जे घडलं त्यातलंही बरंच समजतं. आपल्या गच्चीवर किती पाऊस पडला यावरून आपल्या दारात किती पाणी येईल हे ठरत नाही. वरच्या अंगाला किती पडला, तलाव आधीच किती भरले होते आणि खाली पाणी जायला वाट होती का, हे बघावं लागतं. सोमवारी धुवांधार पडलेला पाऊस मंगळवारपासून ओसरत गेला, तेव्हा अनेकांना वाटलं की सुटलो. नदी चढत राहिली आणि बुधवारी, २८ तारखेला, समा, हरणी, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत लोक पहिल्या मजल्यावर अडकून पडले होते. सातम-आठमच्या सुट्टीत गावाला गेलेल्यांची घरं तर बंदच होती. तिथलं सामान वर उचलायलाही कोणी नव्हतं.

जमिनीवर येऊनही न विझलेलं डिप्रेशन

हवामान खात्याच्या भाषेत कमी दाबाच्या क्षेत्राच्या पायऱ्या असतात आणि त्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात. वारे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असले तर डिप्रेशन, ५० ते ६१ असले तर डीप डिप्रेशन, आणि ६२ च्या पुढे गेले की चक्रीवादळ. नाव मिळतं ते या शेवटच्या पायरीवर. ही वर्गवारी फक्त वाऱ्याची आहे, पावसाची नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं. डिप्रेशन म्हणजे छोटं संकट आणि चक्रीवादळ म्हणजे मोठं, असं समजून लोक फसतात. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याने झाडाच्या फांद्या मोडतील एवढंच. पण तेच डिप्रेशन एका जागी दोन दिवस घुटमळलं तर शहर बुडवू शकतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस नेमकं तेच झालं. मध्य प्रदेशावरचं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होत होत मध्य प्रदेश आणि पूर्व राजस्थानच्या सीमेवर डीप डिप्रेशन झालं आणि २६ तारखेपासून गुजरातवरून सौराष्ट्र-कच्छकडे सरकू लागलं. एरवी अशी प्रणाली जमिनीवर आली की दमते, कारण तिचं इंधन म्हणजे समुद्रावरची वाफ. इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. जुलै-ऑगस्टच्या पावसाने जमीन आधीच चिंब भिजलेली होती आणि अशी जमीनही वाफ पुरवते. दुसरं म्हणजे, पश्चिमेला सरकता सरकता ती अरबी समुद्राच्या इतकी जवळ आली की समुद्रावरची ओलसर हवा तिच्या दक्षिण अंगाने सतत आत ओढली जात राहिली. त्यात तिला पुढे ढकलणारे वरच्या थरातले वारे दुबळे पडले, म्हणून ती रेंगाळली. दाट ढगांची पट्टी जिथे अडकली तिथे दिवसभर पाऊस. जामनगर, द्वारका, कच्छ या सगळ्यांनी ते भोगलं.

३० ऑगस्टला ही प्रणाली कच्छच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरली आणि तिथे तिचं चक्रीवादळ झालं. पाकिस्तानने सुचवलेलं ‘असना’ हे नाव तिला तेव्हा मिळालं. जमिनीवर बनून समुद्रात जाऊन चक्रीवादळ होणं हे फार विरळ. १८९१ पासूनच्या नोंदींत ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात त्याआधी फक्त तीनदा चक्रीवादळ झालं होतं: १९४४, १९६४ आणि १९७६ मध्ये. कारण उघड आहे. ऑगस्टमध्ये मान्सूनचे वारे खालच्या थरात एका दिशेला आणि वरच्या थरात उलट दिशेला जोरात वाहतात, त्यामुळे वादळाचा उभा खांब टिकत नाही. शिवाय त्या वाऱ्यांनी खालचं थंड पाणी वर येऊन समुद्रही थंडावलेला असतो. बातम्यांत गाजलं ते ‘असना’. पण नाव मिळेपर्यंत ते बडोद्यापासून कितीतरी लांब गेलं होतं आणि पुढे पश्चिमेला समुद्रातच विरलं. बडोद्याचं नुकसान केलं ते बिननावाच्या डीप डिप्रेशनने. म्हणून पुढच्या वेळी बातमीत नाव शोधू नका. प्रणाली किती सावकाश सरकते आहे ते शोधा. हवामान खात्याच्या प्रत्येक पत्रकात ‘गेल्या सहा तासांत ताशी इतक्या किलोमीटर वेगाने सरकली’ असं वाक्य असतं. तो आकडा दहाच्या आत आला आणि प्रणाली आपल्या माथ्यावर असली की काळजी करावी.

पावसाचे आकडे कसे वाचायचे

गुजरातेत पाऊस इंचांत बोलला जातो, हवामान खातं मिलिमीटरमध्ये देतं. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे ‘मुसळधार’, ११५.६ च्या पुढे ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या पुढे गेला की सर्वांत वरचा वर्ग, म्हणजे आठ इंचांपासून पुढे. लाल इशारा बहुतेक वेळा या शेवटच्या वर्गासाठी असतो.

आता एक घोळ, जो दरवर्षी होतो. हवामान खात्याचा ‘दिवस’ सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३०. राज्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचे तालुकावार आकडे मात्र सकाळी ६ ते ६ असतात. त्यामुळे एकाच पावसाचे दोन आकडे फिरतात आणि लोक म्हणतात, आकडे लपवले. लपवलेले नसतात, घड्याळं वेगळी असतात. शिवाय हवामान खातं पाऊस ज्या सकाळी मोजला त्या सकाळच्या तारखेवर घालतं, म्हणजे सोमवारी दिवसभर पडलेला पाऊस मंगळवारच्या तारखेत दिसतो. दोन वर्षांची तुलना करताना आधी हे तपासावं, नाहीतर निष्कर्ष चुकतो.

मिलिमीटरचा एक फायदा आहे. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. मग २५० मिमी, म्हणजे दहाएक इंच पाऊस झाला की एका चौरस किलोमीटरवर २५ कोटी लिटर पाणी पडतं. बडोदे महापालिकेची हद्द आता २०० चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे तसा एक दिवस फक्त शहरावर ५,००० कोटी लिटर पाणी ओततो. पूर्वी यातलं बरंच शेतात, तळ्यांत आणि विश्वामित्रीच्या काठच्या कोतरांत, म्हणजे घळींत, मुरायचं. आज बहुतेक काँक्रीटवरून वाहून जातं, आणि तेही तासा-दोन तासांत.

नदी, दोन तलाव आणि साठलेलं पाणी

विश्वामित्री पावागडावरून उतरते. शहराच्या वरच्या अंगाला तिच्या खोऱ्यात दोन तलाव आहेत: प्रतापपुरा आणि आजवा, म्हणजेच सयाजी सरोवर. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९० च्या सुमारास, शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून आजवा बांधला गेला. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने पंप न लावता उताराने पाणी यायचं. त्या काळासाठी ही अफाट दूरदृष्टी होती आणि आजही शहराचा एक भाग आजव्याचं पाणी पितो. पण जो तलाव शहराच्या वर आहे, त्याचा सांडवाही शहराकडेच येणार, हे त्याच योजनेचं दुसरं अंग आहे.

आजव्याला ६२ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते साधारण २११ फुटांच्या पातळीवर बसवलेले असतात. तलाव त्याच्या वर गेला की पाणी आपोआप ओसंडून विश्वामित्रीच्या खोऱ्यात जातं. ‘आजव्यातून पाणी सोडलं’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं असतं. बऱ्याचदा कुणी काही उघडलेलं नसतं, तलाव स्वतःच ओसंडत असतो. खरा निर्णय असतो तो आधीचा: पातळी कुठे बांधायची. उंच बांधली तर उन्हाळ्यात प्यायला पाणी, पण पुराला जागा नाही. खाली बांधली तर पुराला जागा, पण पाऊस रुसला तर पुढच्या मे महिन्यात टँकर. हा प्रश्न कुठल्याही एका वर्षाच्या रागावर सोडवता येत नाही आणि त्यामुळेच तो इतका अवघड आहे.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आजव्याची पातळी २११, २१२, २१३ अशी सांगतात, काळाघोड्याची २४, २६, ३७ अशी. पहिली उंची मोठ्या भूभागाच्या एका ठरलेल्या पायापासून मोजतात, दुसरी पुलापाशी ठरवलेल्या शून्यापासून. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. आणि तलावातला एक फूट व नदीतला एक फूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तलाव पसरट असतो. त्याच्या दर एका चौरस किलोमीटरला एक फूट पाणी म्हणजे ३० कोटी लिटर. आजवा अर्धा फूट चढला ही बातमी किरकोळ वाटते. ते पाणी चिंचोळ्या नदीत आलं की तिथे कित्येक फूट होतं.

आता २०१९ आणि २०२४ यांतला फरक उलगडतो. २०१९ मध्ये पाऊस मुख्यतः शहरावर आणि थोड्या तासांत पडला. पाणी रस्त्यांत साचलं, कांसांमधून, म्हणजे शहरातल्या मोठ्या नाल्यांमधून, नदीत गेलं आणि नदी चढली. २०२४ मध्ये २४ जुलैलाही शहरात जोरदार पाऊस झाला होता. जमीन भिजलेली, तलाव काठोकाठ. त्यावर ऑगस्टअखेरीस डीप डिप्रेशनचा पाऊस शहराबरोबर संपूर्ण खोऱ्यावर झाला. मुरायला जागा नाही, तलावात साठायला जागा नाही. जवळजवळ सगळं पाणी नदीत. शहरातला पाऊस आधी उतरला, त्याने नदी भरली, आणि ती भरलेली असतानाच मागून पावागड-हालोलकडचं आणि तलावांचं पाणी आलं.

उशीर का होतो, तेही हिशेबाने कळतं. सपाट प्रदेशात पुराचं पाणी सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने सरकतं असं धरलं, तर तासाला साडेतीन किलोमीटर झाले. आजव्यापासून शहरापर्यंत वळणांसकट पंचवीस-तीस किलोमीटर धरले तर आठेक तास लागतात. त्यात तलावातून पाणी ओसंडणं हे काही मिनिटांचं काम नसतं. पाऊस थांबल्यावरही दीड-दोन दिवस तलावात वरून पाणी येतच असतं. म्हणून शहराचा सर्वांत धोक्याचा काळ पाऊस ओसरल्यानंतरच्या १२ ते ४८ तासांत येऊ शकतो. आकाश मोकळं झालं म्हणून कपाटातली कागदपत्रं पुन्हा खाली ठेवायची, असं या काळात करू नये.

पाणी पुढे का जात नाही

शहरात विश्वामित्री साप सरपटावा तशी वळत जाते. महापालिकेच्या हद्दीत तिची लांबी सुमारे २४ किलोमीटर भरते, जे अंतर सरळ रेषेत कितीतरी कमी आहे. उतार अगदी कमी. प्रत्येक वळणावर वेग मंदावतो, गाळ बसतो. पुलांचे खांब, काठावर टाकलेला बांधकामाचा राबिट, कोतरांत भराव घालून उभ्या केलेल्या इमारती, या सगळ्यांनी पात्राची रुंदी खाल्ली आहे. कोतरं ही पडीक जागा नव्हे. नदीला फुगायला निसर्गाने दिलेली ती कोठारं आहेत. तिथे भराव घातला की तेवढंच पाणी शेजारच्या सोसायटीत जातं.

खालच्या अंगाला विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते. देव धरणाचं पाणी ढाढरमध्ये येतं, जांबुवा विश्वामित्रीत. हे सगळे एकाच वेळी फुगले की संगमावर पाणी उंच होतं आणि विश्वामित्रीला रिकामं व्हायला उतारच उरत नाही. पाणी मागे तुंबतं.

भरतीमुळे पूर आला, असंही त्या दिवसांत बरंच बोललं गेलं. खंभातच्या आखातातल्या भरत्या फार मोठ्या असतात हे खरं. पण तिथी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सर्वांत लहान. २६ ऑगस्टला कृष्णाष्टमी होती. तेव्हा त्या पुराचा दोष भरतीवर टाकता येत नाही. अमावास्येला असाच पाऊस झाला तर मात्र ढाढरच्या मुखाशी पाणी अधिक वेळ अडेल, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

शहराच्या आतली गोष्ट कांसांची. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस हे मोठे नाले पावसाचं पाणी नदीपर्यंत नेतात. नदी कांसाच्या तोंडापेक्षा उंच झाली की कांस उलटी वाहते: नदीचं पाणी कांसातून शहरात शिरतं. काठापासून किलोमीटरभर लांब असलेल्या सोसायट्यांत पाणी येतं ते बहुधा याच वाटेने. आपलं घर नदीपासून किती लांब हे विचारण्यापेक्षा आपलं पाणी कुठल्या कांसात जातं आणि ती कांस नदीला कुठे मिळते, हे विचारावं.

तळमजल्यावर पाणी दारातून सगळ्यांत शेवटी येतं. आधी अंगणातला ड्रेनेजचा चेंबर बुडबुडू लागतो. मग न्हाणीघराच्या जाळीतून काळपट पाणी वर येतं, पाठोपाठ कमोडमधून. दाराशी वाळूची पोती रचून लोक निश्चिंत होतात आणि मागच्या बाजूने घर भरतं. यावर पक्का उपाय म्हणजे घराच्या ड्रेनेजलाइनवर, चेंबरच्या आत, एका बाजूनेच उघडणारा व्हॉल्व्ह बसवणं; त्याची झडप वर्षातून एकदा, मे महिन्यात, साफ करावी लागते, नाहीतर कचऱ्याने अर्धवट उघडी राहते आणि ऐन वेळी काम करत नाही. ऐनवेळचा उपाय: जाळीवर प्लास्टिकची जाड पिशवी, त्यावर वाळूचं पोतं, कमोडमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा घट्ट गोळा आणि वर झाकण लावून वजन. यानंतर ते संडास-न्हाणी वापरायचे नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

त्याच वर्षी इतरत्र

२०२४ हे जगात नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने सरासरी तापमान औद्योगिक काळाआधीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त होतं. भारतातही १९०१ पासूनचं ते सर्वांत उष्ण वर्ष. तापमान एक अंशाने वाढलं की हवा साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. यावरून अमुक एक पूर तापमानवाढीनेच आला असं म्हणता येत नाही, पण पाऊस पाडणारी प्रणाली आली की तिच्या झोळीत पाणी जास्त असतं, एवढं नक्की.

मे महिन्यात दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीत तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं. उन्हाळा भयंकरच होता. तरीही विक्रमाची बातमी आली की दोन दिवस थांबावं.

पुरांपैकी तीन घटना बडोद्याच्या माणसाने मुद्दाम समजून घ्याव्यात. १६ एप्रिलला संयुक्त अरब अमिरातीत विक्रमी पाऊस झाला. अल ऐनजवळच्या एका केंद्रावर २४ तासांच्या आत २५४ मिमी. म्हणजे दहा इंच, बडोद्यासारखाच. दुबईत मात्र एवढा पाऊस येईल असं धरून गटारं बांधलेलीच नव्हती. १ सप्टेंबरला, आपल्या पुरानंतर तीन-चार दिवसांत, विजयवाड्याला बुडमेरू या शहरालगतच्या लहान नदीने बुडवलं. तिथला प्रश्न विश्वामित्रीच्या फार जवळचा आहे, छोटी नदी आणि तिच्या फुगण्याच्या जागेत वसलेलं शहर. आणि २९ ऑक्टोबरला स्पेनमध्ये वालेन्सियाजवळच्या पायपोर्ता गावात पाण्याचा लोंढा शिरला तेव्हा खुद्द त्या गावात पाऊस जवळजवळ नव्हता. तो वर, चिवाच्या डोंगराळ भागात पडला होता. मोबाइलवर सावधगिरीचा इशारा रात्री आठनंतर आला, तोवर अनेक ठिकाणी रस्त्यांवर पाणी भरलेलं होतं. वरच्या अंगाकडे बघा, असं बडोद्यात कुणी सांगितलं तर ते याचसाठी ऐकायचं.

कुठले आकडे बघायचे आणि काय करायचं

पावसाळ्यात चार आकडे पुरेत: आजव्याची पातळी, प्रतापपुऱ्याची पातळी, काळाघोड्याची पातळी आणि पावागड-हालोलकडचा गेल्या २४ तासांचा पाऊस. एकेक आकडा सुटा बघू नका, दर दोन तासांनी वहीत लिहा. पातळी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने चढते आहे हे जास्त सांगतं. काळाघोड्याला २० फूट आणि दोन तासांत एक फूट वाढ, तर धोक्याची पातळी बारा तासांवर आहे. आणि शहरातला पाऊस थांबला, नदी थोडी उतरली, पण आजवा चढतोच आहे, असं दिसलं तर तयारी सैल करू नका. ऑगस्ट २०२४ ची खूण ती हीच.

नदी २२ फुटांच्या पुढे गेली की सखल सोसायट्यांनी कामाला लागावं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिथेच बंद करावी, कारण खड्ड्यात पाणी भरलं आणि लिफ्ट खाली राहिली तर मोटारीपासून दारापर्यंत सगळंच जातं. जमिनीतल्या टाकीतलं पाणी आधी पंपाने गच्चीवर चढवून घ्यावं आणि मग पंप बंद करून शक्य असेल तर काढून ठेवावा. टाकी प्लास्टिकची असेल तर पूर्ण रिकामी ठेवू नये. आजूबाजूला पाणी भरलं की ती तरंगून वर उचलली जाते आणि नळ्या तुटतात. मीटरपेटीपर्यंत पाणी येण्याआधी मेन स्विच बंद. फ्रिज टेबलावर चढवताना उभाच चढवावा. आडवा करावाच लागला, तर उभा केल्यावर काही तास थांबून मगच चालू करावा.

गाडी उंच जागी नेणं हा एकच खरा उपाय. ते नाही जमलं आणि पाणी चढलं तर गाडी सुरू करून बघण्याचा मोह आवरा. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याचा दावाही इथेच अडतो: सर्वसाधारण पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, पण पाण्यात गाडी सुरू केल्याने इंजिन गेलं तर इंजिनसंरक्षणाची जोडपॉलिसी नसल्यास बहुधा नकार मिळतो. बॅटरीची वजा तार सोडा, पाणी कुठवर चढलं त्याचे फोटो काढा आणि गाडी ओढून न्या. विजेवरच्या गाडीला तर हातच लावू नका, वर्कशॉपला कळवा.

पाणी उतरल्यावर टाकीत नुसतं क्लोरीन टाकून भागत नाही. टाकी उपसून, गाळ काढून, भिंती ब्रशने घासाव्यात. मग पुन्हा भरून दर १,००० लिटरला सुमारे २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालावी. पावडर आधी बादलीत कालवून गाळ बसू द्यावा आणि वरचं निवळलेलं पाणीच टाकीत ओतावं. एक दिवस तसंच ठेवून, नळ थोडे उघडून नळ्यांतही ते खेळवावं. मग सगळं सोडून देऊन ताजं पाणी भरावं. जुनी, ओलावलेली पावडर निकामी झालेली असते. उघडल्यावर उग्र वास आला नाही तर ती वापरू नये. प्यायचं पाणी तोवर उकळूनच. पुराच्या पाण्यात उघड्या पायांनी, विशेषतः पायाला जखम असताना, वावरलेल्या माणसाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो.

विश्वामित्रीत शेकडो मगरी राहतात आणि पूर आला की त्याही प्रवाहातून बाहेर फेकल्या जातात, अंगणात, रस्त्यावर, पार्किंगमध्ये. त्या शिकारीला आलेल्या नसतात, संथ पाणी शोधत असतात. अंतर ठेवा, घोळका करू नका, दगड मारू नका, वनखात्याला कळवा. संधिप्रकाशात आणि रात्री गुडघाभर पाण्यातून चालू नका. पाणी उतरल्यावर बंद गॅरेज उघडताना, पलंगाखाली हात घालताना काठीने आधी चाचपून बघा. मगरीपेक्षा साप सापडण्याची शक्यता जास्त.

२०२४ च्या पुरानंतर राज्य सरकारने बडोद्याच्या पूरनियंत्रणासाठी सुमारे १,२०० कोटींची योजना जाहीर केली आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातल्या पट्ट्यात नदी खोल-रुंद करण्याचं काम हाती घेतलं. त्याचा उपयोग किती? पात्राचा छेद वाढला की तेवढ्याच पाण्याला पातळी कमी लागते, म्हणजे मधल्या प्रकारच्या पावसात काठावरची घरं वाचतील. पण खोल केलेल्या सपाट नदीत गाळ पुन्हा बसतो आणि दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. ढाढरकडची वाट तुंबलेली असेल तर खोली वाढवूनही पाणी हलत नाही. आणि काठ सरळसोट कापले तर मगरींच्या घरट्यांच्या जागा जातात व मातीही ढासळते. आजवा-प्रतापपुऱ्याची साठवण वाढवणं, वर खोऱ्यातच लहान तळी पुन्हा जिवंत करणं आणि कोतरांतला भराव थांबवणं या कामांचे फोटो पोकलेनसारखे दिसत नाहीत, पण पाण्याचा उंचवटा छाटायचा तर तो शहराच्या वरच छाटावा लागतो. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला प्रश्न विचारायचा तर तो हा विचारावा: यंदा किती गाळ काढला, आणि किती कोतरं वाचवली?